दिनकरच्या हेरल्डचा आवाज

आमच्या चौघांचे किस्से कुणी कधी लिहून ठेवले नाहीत. ते नुसते साठत गेले. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या डब्यात नटबोल्ट साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि कुठल्या गाडीचे तेही धड आठवत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं दर रविवारी एकाच गाडीभोवती उभी राहिली की दुसरं होणार काय?

हल्ली कुणाच्या मुलाच्या लग्नात गाठ पडली की एकेक किस्सा निघतो. हसून हसून पुरेवाट होते. शेवटचा किस्सा जवळ आला की मात्र सगळे गप्प होतात आणि कुलकर्णी विचारतो, "चहा घ्यायचा का?" आज कुलकर्णी इथं नाही, तेव्हा शेवटचाही सांगून टाकतो.

*

वाशी नवीन होती तेव्हाची गोष्ट. इमारती झाल्या होत्या, झाडं व्हायची होती. आम्ही चौघे रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला. दिनकर परुळेकर मेंटेनन्समध्ये फिटर, मूळचा मालवणचा. कुलकर्णी सोलापूरचा, स्टोअर्समध्ये. एक वायसर द्यायचा तरी दोनदा सही घेणारा. पांडू म्हात्रे घणसोलीचा. त्याच्या बापाची भातशेती नव्या शहरात गेली आणि पांडू आमच्याकडे हेल्पर म्हणून लागला. आणि मी इलेक्ट्रिशियन. पांडू सोडून आम्ही तिघे वाशीत एकाच सोसायटीत राहत होतो.

गाडी एकट्या दिनकरकडे. जुनी हेरल्ड, फिकट निळी. चेंबूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी वापरून वापरून जीव नकोसा केलेली. दिनकरनं ती घेतली आणि इंजिनाचा एकेक भाग घरात नेऊन धुतला. शैलावहिनी सांगायच्या, "लग्नानंतर पहिली दिवाळी आमच्या पलंगाखाली गिअरबॉक्स होता."

त्या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटायचं. मग दिनकर पुढच्या चाकावर मांडी ठोकून बसायचा. हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, थरथर कळायला दुसऱ्या हाताचा तळवा इंजिनावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. पांडू आत बसून चावी फिरवणार. दिनकरनं एक बोट वर केलं की पांडूनं गाडी बंद करायची. बोट वर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. दर रविवारी सकाळी नऊला हा कार्यक्रम, आणि त्यात कधी खंड नाही.

एकदा कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या अँबॅसिडरला कसलासा आवाज येत होता. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले. साहेबांनी गमतीनं दिनकरला बोलावलं. यानं स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, बोट वर केलं. "वॉटर पंपाचं बेअरिंग आहे साहेब. पंधरा दिवस जाईल." साहेब हसले. सतराव्या दिवशी साहेब सहकुटुंब घाटात उभे! परत आल्यावर त्यांनी दिनकरला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुला कळलं कसं?

"गाडी सांगत होती साहेब," दिनकर म्हणाला. "तुम्ही हॉर्न वाजवत होतात."

त्या वर्षी त्याला इन्क्रिमेंट मिळालं नाही.

*

स्वतःच्या गाडीतला एकच दोष दिनकरला काढता आला नव्हता. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा दट्ट्या. सगळं इंजिन शिवणयंत्रासारखं चालायचं, आणि मधूनच टिक्, टिक्. दिनकरनं तो कितीदा तरी सेट केला. आठ दिवसांनी पुन्हा टिक्. शेवटी त्यानं नाद सोडला. म्हणायचा, "ऱ्हवांदे. घरातला माणूस पायरवावरनं वळखतो ना आपण, तसा हिका मी ह्या आवाजावरनं वळखतंय."

दोष खरा दुसराच होता. पेट्रोल महाग होत चाललं होतं आणि दिनकरचा पगार तेवढाच होता. फ्लॅटचा हप्ता, मुलीची, मीनाची शाळा, मालवणला आई. हळूहळू गाडी रविवारी नुसती चालू व्हायची, जागची हलायची नाही. कुलकर्णी म्हणायचा, "ही गाडी हाय का देवघर बे? रविवारी पूजा अन् आठवडाभर पडदा."

एकदा मीनानं हट्ट धरला म्हणून आम्ही सगळे वर्गणी काढून मोऱ्याच्या बंदरावर गेलो. धक्क्यावर बसून मुंबईच्या लाँचा बघितल्या, भजी खाल्ली. येताना बेलापूरच्या अलीकडे पेट्रोल संपलं. आम्ही सगळे खाली उतरलो, कुलकर्णी उतरेना. त्याचा हिशोब पक्का होता. "माझ्या वाटणीचं पेट्रोल मी जाताना वापरलंय. येताना संपलं ते तुमचं. मी ढकलणार नाही."

त्याला आत बसवून आम्ही गाडी ढकलली. मीना खिडकीतून बघत होती. सात वर्षांची पोर, तिनं सरळ विचारलं, "बाबा, मग आपण मालवणला गाडीनं कधीच नाही जाणार?" दिनकर ढकलत राहिला. पण पंप आल्यावर, टाकीत दोन लिटर पडत असताना, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, की आखातातल्या नोकरीचा एक एजंट भेटलाय. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. तिकडे पेट्रोल पाण्याहून स्वस्त आहे.

मी म्हटलं, तुझी गाडी इथं आहे ना पण!

*

जायचं की नाही यावर महिनाभर खल झाला. कुलकर्ण्यानं स्टोअर्सच्या कागदावर दोन रकाने पाडले. इकडचं पेट्रोल, तिकडचं पेट्रोल. इकडचा टायर, तिकडचा टायर. इकडं टॅक्स, इन्शुरन्स, हवेचेसुद्धा पैसे. सगळं मांडून त्यानं निकाल दिला, की गाडी चालवायची असेल तर माणसानं तिकडंच राहावं. इकडं फक्त गाडी ठेवावी.

दिनकरला ते पटलं. चुकीचं काय झालं ते आम्हाला फार पुढे कळलं. कुलकर्ण्यानं दोन्ही रकान्यांत गाडीचाच खर्च लिहिला होता. माणसाचा कुठंच नव्हता.

निघायच्या आदल्या रविवारी दिनकरनं आम्हाला सूचना दिल्या. दर रविवारी गाडी वीस मिनिटं चालू ठेवायची. महिन्यातून एकदा सेक्टरला चक्कर. आणि टेपरेकॉर्डरवर इंजिनाचा आवाज भरून कॅसेट पाठवायची, कारण तुम्हा तिघांच्या कानांवर माझा भरवसा नाही.

मी विचारलं, "आणि वहिनींचं, मीनाचं काय बघायचं?"

"त्यांचं शैला बघेल," तो म्हणाला. "तुम्ही गाडीचं बघा."

शैलावहिनी तिथंच चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. दिनकरनं तो स्क्रू-ड्रायव्हर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. म्हणाला, हा तिकडं नेत नाही, आल्यावर लागेल.

*

पहिलं वर्ष झकास गेलं. त्या वेळी आखातातून लोक पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दिनकरची कॅसेट यायची. आम्ही सगळे वहिनींच्या हॉलमध्ये बसून ऐकायचो. पहिली दोन मिनिटं वहिनी आणि मीनासाठी, मग वीस मिनिटं गाडीसाठी.

आमच्या पहिल्या कॅसेटवर त्याचं उत्तर आलं ते ऐकून आम्ही थंड. म्हणाला, "रेडिएटरात पाणी कमी आहे. आवाज कोरडा येतोय." पांडू धावत खाली गेला, झाकण काढलं. पाणी चार बोटं कमी! पांडूनं तिथूनच पश्चिमेकडे तोंड करून हात जोडले.

मग एक फोटो आला. लांबलचक पांढरी गाडी, आणि दाराला टेकून दिनकर. काळा चष्मा. वहिनींनी तो फ्रेम करून लावला. मीना शाळेत सांगून आली, बाबांची गाडी आमच्या सोसायटीच्या गेटमधून आत येणार नाही. कुलकर्ण्यानं फोटो जवळ नेऊन पाहिला आणि म्हणाला, हिचं अव्हरेज काही खरं नाही.

*

दिनकरबरोबर दिघ्याचा एक वेल्डर होता. तो दीड वर्षानं सुटीवर आला. वहिनींसाठी साबण, अत्तर आणि मोठा टू-इन-वन घेऊन आला. ते देऊन खाली उतरला आणि मला म्हणाला, जरा चहा पिऊ या.

चहा पिताना त्यानं जे सांगितलं ते मी वहिनींना कधीच सांगितलं नाही. एका खोलीत आठ जण. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. साइटवर न्यायला बस, आणायला बस. फोटोतली गाडी इंजिनीअरची होती, दिनकर फक्त टेकला होता. कंपनी फिटरला लायसन्स काढू देत नव्हती. मालवणला गाडीनं जायचं म्हणून देश सोडलेल्या माणसानं दीड वर्षात स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"मग करतो काय सुटीच्या दिवशी?" मी विचारलं.

"शुक्रवारी तुमची कॅसेट लावतो," वेल्डर म्हणाला. "आधी बारीक आवाजात ऐकायचा. आता फुल्ल व्हॉल्यूम. रूममध्ये झोपू देत नाय कोनाला. दिवसभर जनरेटरच्या शेडमध्ये असतो तो, बारा बारा तास. तिथं कानात बोळा घालायला कंपनीनं काय दिलं नाय. आनि हा सुटीलापन इंजिनच ऐकतो."

आम्ही दोघे हसलो. मी हसलो, हे मला नीट आठवतंय.

*

दोन वर्षांचं काँट्रॅक्ट संपलं आणि कंपनीनं सोडलं नाही. पासपोर्ट त्यांच्याकडे. मग पगार थकायला लागले. एक महिना, दोन महिने, पाच महिने. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत. मीनाची फी भरली जात होती, हप्ता जात होता. आम्ही आमच्या नादात. दर रविवारी गाडी पुसायची, वीस मिनिटं लावायची, घरी जायचं.

एका रविवारी आम्ही तिघे फडकं, पाण्याची बादली आणि टेपरेकॉर्डर घेऊन खाली आलो. गाडीची जागा रिकामी. जमिनीवर ऑइलचा काळा डाग आणि शेजारी विटा.

पांडू ओरडतच जिना चढला, चोरीला गेली म्हणून. वहिनींनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, मी विकली. पनवेलच्या एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला.

आम्हाला बसायलाही सुचेना. वहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडीचं तुम्ही बघा म्हणाले होते ना ते? घराचं मी बघत्ये. घर चालवायला मला दुसरं काही विकता आलं नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांना कळू देऊ नका. तिकडे त्यांच्याकडे तेवढं एकच आहे."

त्या बाईचा आम्हाला राग आला होता. आज सांगताना त्याची लाज वाटते.

आता प्रश्न कॅसेटचा. पांडूनं तोवर जमिनीच्या मोबदल्यातून एक जुनी अँबॅसिडर घेतली होती. तिचा आवाज भरून पाठवू म्हणाला. कुलकर्ण्यानं त्याला वेड्यात काढलं. पाण्याची चार बोटं ज्यानं समुद्रापलीकडून ओळखली, तो गाडी ओळखणार नाही? शेवटी माझ्याकडे जुन्या कॅसेटची एक प्रत सापडली. माझा टेपरेकॉर्डर आणि दिनकरनं पाठवलेला टू-इन-वन, दोन्ही माझ्या बाथरूममध्ये समोरासमोर ठेवले. दार लावलं, खिडकीला उशी लावली आणि तिघे आत उभे राहून श्वास रोखून ऐकत राहिलो. बाहेर माझी बायको विचारत होती, आत तिघे जण काय करताय?

तीच कॅसेट आम्ही दीड वर्ष पाठवत राहिलो. सुरुवातीला फक्त तारीख नवी बोलायची. तिसऱ्या वेळी कुलकर्ण्याच्या लक्षात आलं, की मूळ कॅसेटमध्ये आठव्या मिनिटाला गेटबाहेरून एक कोळीण ओरडत जाते, "बोंबीऽल, ताजे बोंबीऽल." दर कॅसेटला आठव्या मिनिटाला तीच कोळीण, तेच बोंबील.

"पकडला जातो आपण," कुलकर्णी म्हणाला. "तीन कॅसेट झाल्या, एकाच मिनिटाला बोंबील विकायली बाई."

आम्ही धास्ती घेऊन बसलो. पण दिनकरच्या कॅसेट यायच्या बंद झाल्या होत्या. आता पत्रं यायची. टेप बिघडलाय, तुम्हीही मजकूर लिहूनच कळवा, गाडीची कॅसेट मात्र पाठवत राहा. आणि दर पत्रात शेवटी गाडीचा निकाल असायचा: "आवाज ऐकला. टायमिंग बरोबर. तिसऱ्याचा टॅपेट तसाच. बाकी फर्स्टक्लास."

पांडू खूश झाला. "दादाला काय कललाच नाय," म्हणाला. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला आपण फसवलं, याचा आम्हाला अभिमान वाटत होता.

*

मग एक दिवस तार आली. दिनकर सुटला होता, येत्या शुक्रवारी पोचणार होता. हातात पाच दिवस.

वहिनींनी तार वाचली आणि खाली बसल्या. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. म्हणाल्या, मी त्यांना सांगेन खरं, पण तो माणूस बॅग ठेवायच्या आधी खाली बघेल हो गॅलरीतून.

पांडू उठला आणि गेला. दोन दिवस कामावर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक टेम्पो सोसायटीच्या गेटशी आला. मागे दोरीनं बांधलेली निळी हेरल्ड.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं ती केव्हाच टाकून दिली होती. शिकाऊ लोकांनी पाण्याशिवाय पळवून इंजिन जाम केलं होतं. बॅटरी नाही, आतले अर्धे भाग कुणी कुणी काढून नेलेले. पांडूला ती पनवेलला गवतात उभी सापडली. भंगाराच्या भावानं आणली. "गाडी गाडीच हाय," पांडू म्हणाला. "दादा वरशून बघंल तवा जागंवर दिसली म्हंजे जाला. मंग सांगू हलू हलू."

तिघांनी मिळून ती धुतली. पत्र्याला पॉलिश केलं. चाकांखाली विटा लावल्या. मीनानं, आता अकरा वर्षांची झाली होती, आतल्या सीटवर घरातली चादर घातली. लांबून पाहिलं तर काही झालेलं वाटत नव्हतं.

शुक्रवारी विमानतळावर गेलो. काचेपलीकडून एक वाळलेला, केस पांढरे झालेला माणूस ट्रॉली ढकलत आला आणि आमच्या पुढून निघून गेला. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात, की चारचौघे वळून बघायला लागले. दिनकर वळला नाही. मीना धावत पुढे गेली, त्याच्या समोर उभी राहिली, तेव्हा तो थांबला.

टॅक्सीत तो खूप बोलला, आणि फार मोठ्यानं बोलला. वहिनींनी दोनदा काही विचारलं. दोन्ही वेळा तो त्यांच्या तोंडाकडे बघत हसला आणि म्हणाला, "हो, हो." खाडीपूल येईपर्यंत आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. त्याच्या कानांत काही उरलं नव्हतं. वहिनींनी त्याचा हात धरला.

कुलकर्णी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात त्या कॅसेट होत्या, आणि ती पत्रं.

*

रविवार. सकाळचे नऊ.

आम्ही तिघे आधीच खाली जाऊन उभे होतो. ठरवलं होतं, आज सांगायचं. कागदावर लिहून द्यायचं. कुलकर्ण्यानं कागद आणला होता. तेवढ्यात दिनकर जिन्यातून आला. बनियन, लुंगी, आणि हातात फडक्यात गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. पत्र्यावरून हात फिरवला. बॉनेट उलटलं आणि पुढच्या चाकावर मांडी ठोकून बसला.

वर गॅलरीत वहिनी आणि मीना उभ्या होत्या.

"लाव रे पांडू," दिनकर मोठ्यानं म्हणाला.

पांडूनं आमच्याकडे पाहिलं. कुलकर्णी कागद हातात धरून तसाच उभा. पांडू दार उघडून आत बसला. मीनानं घातलेली चादर सारखी केली आणि चावी फिरवली.

काही झालं नाही. बॅटरीच नव्हती, व्हायचं काय होतं? सोसायटीत चिडीचूप. गेटबाहेरून एक कोळीण बोंबील विकत गेली.

दिनकरनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दुसऱ्या हाताचा तळवा त्यानं इंजिनावर ठेवला होता, नेहमी ठेवायचा तसा. ते लोखंड थंडगार होतं, हे मला माहीत होतं. सकाळी मीच पुसलं होतं.

आम्ही कुणी बोललो नाही, खोकलो नाही. तो किती वेळ बसला होता सांगता येणार नाही. पांडू आत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता.

मग दिनकरनं डोळे उघडले. वर गॅलरीत शैलावहिनींकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"तिसऱ्याचा टॅपेट तेवढा तसाच आहे," तो म्हणाला. "बाकी फर्स्टक्लास. सांभाळलीत हो तुम्ही."

आणि त्यानं एक बोट वर केलं.

पांडूनं चावी फिरवून गाडी बंद केली.